चटणी घ्यायला ये म्हणाव

आमच्या सोलापुरात माणसाला अनोळखी होण्याची सोय नाही. सात रस्त्याला रिक्षातून उतरावं, नवी पेठेत जरा हिंडावं आणि बाळीवेशीतल्या घरी पोचावं, तर घरच्यांना आधीच ठाऊक असतं की आपण कुठं होतो, हातात कसली पिशवी होती आणि बरोबर कोण होतं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला याचा फार राग यायचा. मला तसा राग लवकरच येतो. घरात त्यावरून माझी चेष्टा चालते, मी रागावले की आधी भांड्यांना कळतं म्हणतात. पण गावाच्या या डोळ्यांचा जाच खरा कुणाला होतो, आणि त्या जाचापायी पोरी कुठल्या वाटेला लागतात, हे मला आमच्या पुतणीमुळे कळलं.

घर आमचं एकत्र. थोरले दीर म्हणजे सगळ्यांचे अण्णा आणि थोरल्या जाऊबाई म्हणजे सगळ्यांच्या अक्का. त्यांची मुलगीसुद्धा आईवडिलांना अक्का-अण्णाच म्हणते, कारण लहानपणापासून तिच्या कानावर तेच पडत आलं. खाली रस्त्याला लागून दुकान, वर आम्ही राहतो. दुकान शेंगा चटणीचं आणि कडक भाकरीचं. अक्का मैंदर्गीच्या, माहेरी सगळे कन्नड बोलणारे, आणि आजही त्यांचा राग कन्नडमधून येतो, माया मराठीतून. मी दुपारपर्यंत शाळेत शिकवते आणि संध्याकाळी दुकानात पाकिटं बंद करते. माझे यजमान नोकरीपायी पुण्याला असतात, शनिवार-रविवारचे पाहुणे, त्यामुळे या सगळ्यात ते नव्हते.

पुतणी फिजिओथेरपिस्ट आहे, एका खाजगी दवाखान्यात. म्हाताऱ्या बायकांना भिंतीला धरून चालवणं, पडलेल्यांचे खांदे पुन्हा वर उचलायला लावणं, असलं तिचं काम. एखादा आजोबा काठी टाकून चार पावलं चालला की घरी येऊन जेवताना त्याचं असं वर्णन करते, जणू त्यानं पंढरपूर-सोलापूर पायी कापलं. तिची ती कामावरची ओढ बघून मला तिचा हेवा वाटतो. स्थळं यायला लागली होती. दोन-तीनदा ती साडी नेसून बसलीही. मग एकदा पाहुणे गेल्यावर कप उचलता उचलता मला म्हणाली, "काकू, मला माणूस बोलून बघायचाय. बायोडाटा वाचून नाही."

ती बोलून कुठं बघतेय ते मला एका संध्याकाळी कळलं. दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी पाकिटांना चिकटपट्टी लावत होतो. ती म्हणाली, "काकू, ओरडू नकोस. मी एका ॲपवर आहे." ओरडू नकोस म्हटल्यावर मला आधी ओरडावंसंच वाटतं. पण तिनं सरळ फोन पुढं केला. एक मुलगा, गॉगल घालून मोटारसायकलला टेकलेला. मोडनिंबचा म्हणे, कुठल्याशा साखर कारखान्यात इंजिनिअर. दोन-तीन महिने दोघं बोलत होते, आणि बोलतो चांगलं, असं ती म्हणाली. विचारपूस करतो, तिच्या पेशंटांचीसुद्धा आठवण ठेवतो. आता भेटायचं ठरत होतं.

"कुठं?" मी विचारलं.

"हिप्परग्याला. तळ्याच्या पलीकडच्या बाजूला."

चिकटपट्टी माझ्या हातातच राहिली. भर उन्हाळ्यात तळ्याच्या पलीकडं कुत्रं फिरकत नाही. मी जे तोंड सोडलं ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. अक्कल गहाण टाकलीस का, इथपासून सुरुवात झाली. शिकलेली पोरगी तू, ज्याला कधी बघितलं नाहीस त्याला रानात भेटायला निघालीस? भेटायचंच तर चार लोकांत भेट, एखाद्या हॉटेलात भेट. पब्लिक जागेत.

तिनं माझं बोलणं संपू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "काकू, सोलापुरात पब्लिक म्हणजे कोण? आपलेच लोक."

खरंच होतं ते. शहरातलं कुठलंही हॉटेल घ्या, गल्ल्यावर कुणाचा तरी मेव्हणा असतो आणि शेजारच्या टेबलावर कुणाची तरी आत्या. त्या मुलाची तिला भीती नव्हती. भीती होती ती आत्याची, मेव्हण्याची, आणि त्यांच्या तोंडून अण्णांपर्यंत पोचणाऱ्या बातमीची. म्हणून ती जिथं कुणीच बघणार नाही अशी जागा शोधत होती. आणि ही काही तिच्या एकटीची वेडी कल्पना नव्हती. तिच्या ओळखीच्या सगळ्या पोरी असंच करत होत्या, तुळजापूर रोडला नाहीतर हायवेवरच्या कुठल्यातरी ढाब्यावर. जपायची ती अब्रू, म्हणून जीव रानात न्यायचा.

अण्णांची भीती उगीच नव्हती. अण्णा वाईट माणूस नाहीत. पण त्यांची धाकटी बहीण, माझी नणंद, कॉलेजला असताना एसटी स्टँडवर एका मुलाशी बोलताना कुणीतरी पाहिली होती. नुसती बोलताना. तिचं कॉलेज त्याच आठवड्यात सुटलं आणि पुढच्या लग्नसराईत तिला दुधनीला देऊन टाकलं. ती तिथं सुखात आहे असं आम्ही सगळे म्हणतो. तिला कुणी विचारलेलं नाही. पुतणीला हे पाठ होतं. आपला दवाखाना, आपले पेशंट, स्वतःच्या पायावर बाहेर पडणं, हे सगळं एका बातमीसरशी बंद होऊ शकतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि मलाही.

"अक्कांना सांगूया," मी म्हणाले. ती घाबरली, पण नाही म्हणाली नाही.

अक्का लसूण सोलत बसल्या होत्या. आम्ही दोघी समोर जाऊन बसलो आणि पुतणीनं सगळं सांगितलं, तळ्यासकट. मला वाटलं, आता कन्नड सुरू होणार. अक्का लसूण सोलत राहिल्या. हातातला गड्डा संपल्यावर त्यांनी मान वर केली.

"मोडनिंबचा हाय?"

"म्हणतो तसं."

"म्हणतो म्हंजे तुला म्हाईत न्हाय." त्यांनी सालं झटकली. "आन अनोळखी मानसाला रानात भेटायचं, वळखीच्या मानसांना भिऊन पळायचं. उलटंच की गं हे, पोरी. बघू देत की लोकं. बघणारी मानसं असली म्हंजे हात लावायला कुनी धजत न्हाय."

"पण अक्का, लोक बोलतील."

"दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला कोण काय बोलतंय?" अक्का म्हणाल्या. "त्याला म्हणाव, चटणी घ्यायला ये. दुपारी अण्णा वर झोपतात तवा ये. बाकावर बसा, बोला, पानी प्या. मी गल्ल्यावर हाय. आमी काय खाणार न्हाय त्याला."

सुनेचं कौतुक करायचं तर सासू हवी असं म्हणायची पद्धत आहे, पण मोठ्या जावेचं कौतुक करायला कोण असावं हे कुणी सांगितलेलं नाही, म्हणून ते मीच करते. या बाईनं कपाळाला हात लावला नाही, देवाचं नाव घेतलं नाही, कुणाच्या पोटी असली पोर जन्माला आली असं म्हटलं नाही. तिनं फक्त भेटीची जागा बदलली. गावाच्या ज्या डोळ्यांना आम्ही सगळ्या बायका जन्मभर भ्यालो, तेच डोळे तिनं आपल्या पोरीच्या राखणीला बसवले.

पुतणीनं त्याला तसं कळवलं, दुकानाचा पत्तासुद्धा दिला. पोरगा म्हणाला, नक्की येतो. पहिल्यांदा त्याची गाडी बंद पडली. मग त्याच्या आईचं पोट दुखलं. मग कारखान्यात साहेब येणार होते. प्रत्येक वेळी तो आला नाही की पुतणी त्याच्या बाजूनं बोलायची, आणि अक्का फक्त बाकावरची धूळ पुसायच्या. मला तर त्या पुसण्याचाच राग यायचा. मग तो म्हणायला लागला, तुझा माझ्यावर विश्वास नाही का? दुकानात बोलावतेस म्हणजे माझी परीक्षा घेतेस का?

"त्याला सांग, इस्वास हाय म्हणूनच घरी बोलवतोय," अक्का म्हणाल्या. "इस्वास नसता तर पोलिसात बोलवलं असतं की."

मधल्या काळात गंमत अशी झाली की पुतणीच्या एका मैत्रिणीला हा बाकाचा बेत फार आवडला. ही मैत्रीण पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि बोलायला एकदम मोकळी. तिचंही कुणाशी तरी ॲपवर जमत आलं होतं. ती म्हणाली, "अक्का, माझ्यावाल्यालापण बोलवू का?" अक्का म्हणाल्या, "बोलीव की. बाक मोठा हाय."

तो आला. दुपारचं ऊन डोक्यावर घेऊन, इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मैत्रीण अजून पोचायची होती. त्याला काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यानं चटणी मागितली. किती देऊ विचारल्यावर घाबरून म्हणाला, एक किलो. अक्कांनी तागडीत चटणी घालता घालता विचारलं, "निम्म ऊर यावदु?" गाव कुठलं म्हणून. त्याचा चेहरा एकदम खुलला, अक्कलकोटच्या बाजूचा निघाला तो, आणि दोघांचं कन्नडमध्ये असं जमलं की मैत्रीण आली तेव्हा तिलाच बाकाच्या कडेला बसावं लागलं. त्यानं आपण काय करतो ते सांगितलं, घरात कोण कोण ते सांगितलं, त्याच्या कंपनीतलं कार्ड दाखवलं, कुणी मागितलेलं नसताना. दोघं अर्धा-पाऊण तास बोलली. रस्त्यानं जाणारे लोक बघत होते, आणि बघून पुढं जात होते. जाताना त्यानं अक्कांना वाकून नमस्कार केला आणि चटणीची पिशवी बाकावरच विसरला. मैत्रीण ती घेऊन त्याच्यामागे धावली. मी एवढी हसले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पुतणी हसत नव्हती. ती दाराशी उभी राहून त्या मुलाच्या घामेजलेल्या पाठीकडं बघत होती.

"यायचंच असेल तर येता येतं," ती म्हणाली, आणि वर निघून गेली.

त्याच दिवशी तिनं मोडनिंबच्या त्या मुलाला लिहिलं की दुकानात येणार नसशील तर भेट होणार नाही, आणि बोलणंही नको. आम्हाला वाटलं, विषय संपला. अक्कांनी मला डोळ्यानं खुणावलं, तिला आता काही विचारू नको म्हणून.

दोन-चार दिवसांनी पुतणी दवाखान्यातून आली ती चपला न काढताच मागच्या खोलीत आली. चेहरा पांढराफटक. अक्का आणि मी तिथंच होतो. तिनं फोन आमच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "वाचा." त्याची भाषा बदलली होती. तिचं सगळं बोलणं त्यानं जपून ठेवलं होतं, तिनं पाठवलेले फोटोही. त्यांतला एक फोटो तिनं विश्वासानं पाठवला होता, तसा कुणी कुणाला दाखवायचा नसतो. मोडनिंबच्या पुढं हायवेवर एक लॉज आहे, तिथं ये, नाहीतर हे सगळं दुकानाच्या नंबरावर पाठवतो, असं लिहिलं होतं. दुकानाचा नंबर शोधायला त्याला काहीच लागलं नसणार. तो आमच्या पाटीवर आहे आणि चटणीच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला आहे. आणि तो फोन असतो अण्णांच्या खिशात.

अक्का भिंतीला टेकल्या. "माझ्यामुळंच की," त्या म्हणाल्या. "मीच दुकानाचा पत्ता द्यायला लावला."

"नाही अक्का," पुतणी म्हणाली. "तुझ्यामुळं तो मला तळ्यावर भेटला नाही."

मला काय सुचावं? मी तिला म्हणाले, सगळं पुसून टाक. ॲप काढ, नंबर बदल, उद्या सकाळी नवीन सिम आणू. माझं आपलं भराभर चाललं होतं. ती म्हणाली, "काकू, पुसलं तर माझंच जाईल. त्याच्याकडं राहीलच की. मग पोलिसांना मी काय दाखवू?" तिनं एकही ओळ पुसलेली नव्हती. भीतीनं हातपाय गार पडलेले असताना या पोरीनं त्याच्या प्रोफाइलचे, धमक्यांचे, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते आणि ते मैत्रिणीकडंही पाठवले होते. लॉजवर जाणं तर सोडाच, तिनं त्याला उलट उत्तरसुद्धा दिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात फिरवला तेव्हा कुडता घामानं भिजलेला होता. एवढं घाबरूनही डोकं ठिकाणावर ठेवणं मला तरी जमलं नसतं.

"त्याच्याकडं हत्यार एकच हाय," अक्का म्हणाल्या. "आपले अण्णा. ते पोरगं त्यांना सांगीन म्हणतंय म्हणून आपन भितोय. त्याच्या आधी आपनच सांगू. मग ते काय दाखवतंय?"

"अक्का, वन्संचं काय झालं ते विसरलात का?" मी म्हणाले.

"न्हाय विसरले. म्हणून तर भ्या वाटतंय. पन दुसरी वाट असली तर सांग." दुसरी वाट माझ्याकडं नव्हती. अक्का म्हणाल्या, "मी सांगते त्यांना. शिव्या मला खाऊ दे."

"नको," पुतणी म्हणाली. "मी सांगणार."

सोमवारी आमचं दुकान बंद असतं. अण्णा सकाळी सिद्धेश्वराला जाऊन येतात, कपाळावर विभूती लावतात आणि दुपारी सगळे एकत्र जेवतात. त्या सोमवारी भाकरी, शेंगाची आमटी आणि मेथी होती. अण्णांनी दुसरी भाकरी मोडली आणि पुतणी म्हणाली, "अण्णा, मला काहीतरी सांगायचंय. मध्ये थांबवू नका, नाहीतर मला पुन्हा सांगता येणार नाही."

तिनं सगळं सांगितलं. ॲप, तळं, बाक, तो न येणं, आणि आता ही धमकी. कुणावर ढकललं नाही, आईला मध्ये ओढलं नाही, मीच केलं, मीच बोलले, असं म्हणत गेली. अण्णांचा हात ताटात तसाच होता.

"फोटो कसले हायेत?" अण्णांनी विचारलं.

पुतणीनं मान खाली घातली नाही. "एक फोटो असा आहे, अण्णा, की तुम्ही तो बघू नये असं मला वाटतं."

"मग मी बघणार न्हाय," अण्णा म्हणाले.

अक्कांनी पदर तोंडाला लावला. पुतणीनं विचारलं, "उद्या मी ड्यूटीला जाऊ ना?" उरलेली भाकरी ताटात तशीच ठेवून अण्णांनी हात धुतला आणि ते खोलीत जाऊन पडले. संध्याकाळी ते कुणाशी बोलले नाहीत. नणंदेच्या वेळीही अण्णा असेच गप्प झाले होते आणि त्या गप्प बसण्यातूनच तिचं कॉलेज सुटलं होतं, हे अक्कांनी मला जिन्यात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणी तयार झाली. दवाखान्याचा पांढरा कोट घडी करून पिशवीत, डबा भरलेला. पण जा असं कुणी म्हणालं नव्हतं आणि जाऊ नको असंही नाही, त्यामुळे ती खाली येऊन दुकानातल्या बाकावर बसली. अण्णा गल्ल्यावर होते. मला उन्हाळ्याची सुट्टी होती, मी उगीच बरण्यांची झाकणं पुसत होते. दवाखान्याची वेळ झाली, टळली. ती तशीच बसून होती. आपली कमाई, आपलं काम, आपलं बाहेरचं जग सगळं त्या पिशवीत घालून ती मांडीवर धरून बसलीय असं मला वाटलं आणि मला इतका राग आला, अण्णांचा, त्या पोराचा, या सबंध गावाचा, की एक झाकण हातातून खाली पडलं.

तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. मेसेज. मग आणखी एक, मग लागोपाठ बरेच. अण्णांनी फोन खिशातून काढला, नंबर बघितला. पुतणी उठून उभी राहिली.

"अण्णा, पुसू नका," ती म्हणाली. "पोलिसांना लागेल."

अण्णांनी मान हलवली. फोन न उघडता त्यांनी तो तागडीशेजारी पालथा ठेवला. तो पुन्हा वाजला, आता कॉल. अण्णांनी उचलला. पलीकडून काय बोलणं चाललं होतं ते आम्हाला ऐकू येत नव्हतं, फक्त एका तरुण पुरुषाचा घाईचा आवाज येत होता. अण्णांनी त्याला पुरतं बोलू दिलं.

"व्हय, मिळालं," ते म्हणाले. "उघडलं न्हाय. माझ्या पोरीनं मला सगळं आधीच सांगितलंय. तुज्याकडं अजून काय सांगायसारखं हाय का?"

पलीकडून फोन कट झाला. अण्णांनी फोन पुन्हा तागडीशेजारी पालथा ठेवला. एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला अक्कांनीच चटणी बांधून दिली.

"गाडी काढतो," अण्णा म्हणाले. "तुमीपन चला," असं मला म्हणाले. अण्णा माझ्याशी सरळ फार कमी बोलतात, त्यामुळे मी पर्स न घेताच निघाले.

सायबर पोलिसांकडं आम्हाला एक बाई भेटल्या, खाकी कपड्यातल्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी पुतणीला पाणी दिलं. मग एकेक स्क्रीनशॉट बघत गेल्या आणि म्हणाल्या, "काही पुसलं नाहीत हे फार बरं केलंत. आणि गेला नाहीत हे त्याहून बरं." असं रोज कुणी ना कुणी येतं, त्या म्हणाल्या, मुलीही येतात आणि मुलंही, पण बहुतेक सगळे फार उशिरा, जाऊन आल्यावर, किंवा पुन्हा पुन्हा जाऊन आल्यावर. घरी सांगायची हिंमत होत नाही म्हणून. त्याचा फोन आता उचलायचा नाही, असं त्यांनी अण्णांना बजावलं. त्या गॉगलवाल्या फोटोवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, हा फोटोसुद्धा त्याचा नसणार. ते सगळं शोधायचं काम अजून चालू आहे, त्यात मला काही कळत नाही आणि मी डोकंही घालत नाही.

मग त्यांनी तक्रार लिहायला घेतली. "तक्रार कुणाच्या नावानं लिहू?" त्यांनी विचारलं. "मुलीचं नाव बाहेर जाणार नाही, त्याची काळजी आम्ही घेतो. तरी घरचे लोक पुष्कळदा म्हणतात, मुलीला यात नको, आमच्या नावानं लिहा. तुमची काय इच्छा?" हे विचारताना त्या अण्णांकडं बघत होत्या.

अण्णा पुतणीकडं वळले. "तुझी काय इच्छा हाय?"

"माझ्या नावानं," ती म्हणाली.

"मग तिच्याच नावानं लिवा, बाई," अण्णा म्हणाले. "तिनं काय चोरी केली न्हाय."

मी तिथंच रडायला लागले. एवढी वर्षं त्या घरात काढून अण्णांच्या तोंडून असं काही ऐकीन असं मला वाटलं नव्हतं. माझ्या पुतणीनं सही केली, आपल्या नेहमीच्या स्वच्छ अक्षरात, आणि मला डोळे पुसायला रुमाल दिला, जणू तक्रार माझीच होती. वीस-पंचविशीच्या पोरींना आपण फोन देतो, ॲप काढ म्हणतो, सांभाळून राहा म्हणतो. सांभाळून राहणं म्हणजे काय ते मला या एका पोरीनं दाखवलं. भेटायचं तर माणसांत भेटायचं, घाबरलो तर पुसायचं नाही, आणि जे सांगायची सगळ्यात जास्त भीती वाटते ते सगळ्यात आधी घरी सांगायचं. पण त्यासाठी घर तसं लागतं, आणि आमचं तसं आहे की नाही हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. दुकानाच्या व्हॅनमध्ये लसणाचा वास कोंडला होता. पुतणी पुढं बसली, मी मागं खोक्यांच्या शेजारी. तिनं पिशवी पायाशी ठेवली होती आणि ती बाहेर बघत होती, आज घरी जायचंय असं धरूनच. पुढच्या चौकातून आमच्या घराकडं डावीकडं वळावं लागतं. चौक आला आणि अण्णा वळले नाहीत.

"अण्णा, घर डावीकडं आहे," ती म्हणाली.

"ठाव हाय मला," अण्णा रस्त्याकडं बघतच म्हणाले. "तुझं पेशंट खोळंबलं असतील की."